तिघांचं मुक्त वादन, तीस बाय वीसचा हॉल आणि दोन माइक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. टेनर सॅक्सोफोन, बास गिटार आणि ड्रम असे तुम्ही तिघं मुक्त जॅझ वाजवता. चाल ठरलेली नाही, ठेका ठरलेला नाही, एकमेकांना ऐकत पुढे जायचं. नागपुरात धरमपेठेत मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच हॉल आहे. एप्रिलमध्ये तिथे चाळीसेक लोकांसमोर वाजवून त्याचंच ध्वनिमुद्रण काढायचं आहे. एका स्टुडिओवाल्याने सल्ला दिला की दहा माइक भाड्याने घ्या, मधे पार्टिशनं उभी करा, प्रत्येक वाद्य वेगळं पकडा, मग नंतर सगळं सुधारता येतं. हे बरोबर आहे का, आणि वादनातले कंटाळवाणे तुकडे नंतर कापावेत का, असं तुम्ही विचारलंय.

दहा माइक लावू नका. दोन लावा आणि बासची एक वायर सरळ घ्या. पार्टिशनं तर अजिबात नकोत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, एकदा तोंडावर पडलोय म्हणून सांगतोय. पंधराएक वर्षांपूर्वी चौघांचा एक संच माझ्याकडे आला होता. बासरी, गिटार, ड्रम आणि चौथा माणूस पत्र्याचे डबे-परात घेऊन बसलेला. तोवर मी मैफिली, नाटकं, कीर्तनं रेकॉर्ड केली होती, आणि नुकतंच नवं मिक्सर घेतल्यामुळे हात शिवशिवत होते. अकरा माइक लावले. प्रत्येक माइकवर गेट टाकलं, म्हणजे ते वाद्य वाजत नसेल तेव्हा तो माइक आपोआप बंद. मिक्स असा स्वच्छ झाला की मीच माझ्यावर खूष. बासरीवाल्याने हेडफोन लावून ऐकलं आणि बाराव्या मिनिटाला विचारलं, "मी इथे का थांबलो?"

मला उत्तर देता येईना. मग गेट काढून मूळ ट्रॅक ऐकले. ड्रमरने झांजेवर ब्रश टेकवून नुसता फिरवला होता, इतका हळू की तो त्याच्या स्वतःच्या माइकच्या गेटखालूनच निसटला. पण बासरीच्या माइकमध्ये तो लांबून, पुसट ऐकू येत होता. बासरीवाला त्या आवाजाची शेपटी संपायची वाट बघत थांबला होता. मी ती शेपटीच छाटली. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस उगाच गप्प बसल्यासारखा वाटत होता.

एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो त्याला आपल्याकडे सरसकट गळती म्हणतात, आणि गळती म्हटलं की कोणीही प्लंबर बोलवायला धावतो. सिनेमाच्या गाण्यात ते ठीक आहे. मैफिलीतही एक वेळ चालून जातं. तबला थोडा बाजूला पडला तरी ऐकणारा मनात आवर्तन मोजत असतो, सम कुठे येणार हे त्याला माहीत असतं. तुमच्या वादनात सम नाही, मुखडा नाही, परत यायचं घर नाही. याने हे का केलं, तर त्याने ते केलं म्हणून, एवढाच धागा असतो. तो धागा तिघांच्या मधल्या हवेत असतो, कुठल्याही एका वाद्याजवळ नाही. म्हणून माइकही त्या हवेतच ठेवायचे.

आता कोणी म्हणेल की मोठमोठ्या लोकांनी वाद्यं वेगळी केलीच होती की. केली होती, पण कशी ते बघा. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये जी तबकडी ध्वनिमुद्रित केली, जिच्या नावावरून या सगळ्या प्रकाराला 'फ्री जॅझ' हे नाव चिकटलं, तिच्यात आठ वादक आहेत. चौघांचे दोन संच. एक संच डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात. डावीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो आणि बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. सलग ३७ मिनिटं. एलपीच्या एका बाजूला ती मावेनात, म्हणून मधे तबकडी उलटावी लागायची. हेडफोन लावून फक्त दोन्ही बास ऐका. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे दोघांचा संवाद. तिथे जागा वेगळ्या केल्या त्या कोण कुठे उभा आहे हे कळावं म्हणून. चुका दुरुस्त करण्यासाठी नाही.

तुमच्या कामाची त्याहून जवळची तबकडी म्हणजे त्याच कोलमनची स्टॉकहोमच्या गोल्डन सर्कल क्लबमधली, डिसेंबर १९६५ ची. सोबत डेव्हिड आयझनझॉन बासवर, चार्ल्स मॉफेट ड्रमवर. सॅक्सोफोन, बास, ड्रम, म्हणजे तुमचाच संच समजा. फक्त बास उभा, लाकडी. (कोलमन मधेच ट्रम्पेट आणि व्हायोलिनही घेतो, ते तुम्ही करू नका.) तिघंच असल्यामुळे प्रत्येकाभोवती मोकळी जागा आहे आणि ती ऐकू येते. ब्लू नोट कंपनीने त्यातून दोन भाग काढले. तिघांनीही ते अंधारात बसून एकदा ऐका, मग माइकांची भाषा बोला.

आता हॉल. तीस, वीस, दहा. घर बांधणाऱ्याला हे आकडे फार आवडतात आणि आवाजवाल्याला ऐकूनच घाम फुटतो. खालचे सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटून ठरावीक ठिकाणी फुगतात. दहा फुटांमध्ये हा फुगवटा ५८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५८ कंपनांच्या आसपास येतो. वीस फुटांत २९ ला, आणि त्याची दुप्पट ५८. तीस फुटांत १९ च्या वर, आणि त्याची तिप्पट पुन्हा ५८. लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच सुरावर बसतात. बास गिटारची ए तार मोकळी सोडली तर ५५ हर्ट्झ देते, आणि तिच्यावर पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की ए-शार्प, ५८ हर्ट्झ. तुमचा बासवाला त्या सुरावर आला की अख्खा हॉल गुरगुरेल, आणि बिचाऱ्याला वाटेल आपण फार जोरात वाजवलं.

याला पैसे न लागणारा उपाय आहे. बासचा अँप, म्हणजे त्याचा आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी, कोपऱ्यात कधीच ठेवायचा नाही. आखूड भिंतीपासून पाच फूट आणि लांब भिंतीपासून पाच फूट ठेवा, आणि जमिनीवर न ठेवता भक्कम टेबलावर चढवा. या मापाच्या हॉलमध्ये भिंतीपासून पाच फुटांवर तो ५८ हर्ट्झचा फुगवटा सगळ्यात कमी असतो, म्हणून तिथला अँप त्याला खतपाणी घालत नाही. उंचीलाही खरं तर पाच फूटच हवेत. तेवढं टेबल मिळणार नाही, साडेतीन फुटांवर समाधान माना.

दुसरी गोष्ट, रिकाम्या हॉलमधल्या साउंडचेकवर विश्वास ठेवू नका. टाइल्स, स्लॅब, प्लास्टरच्या भिंती असल्या की एवढ्या हॉलमध्ये टाळीचा आवाज विरायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. तिथे चाळीस माणसं बसली की तेच एका सेकंदाच्या आत येतं, कारण माणूस, त्याचे कपडे, मांडीवरची पिशवी सगळं आवाज पितं. म्हणजे चार वाजता तुम्हाला वाटेल केवढा घुमतोय, सॅक्सवाला हळू फुंकेल, आणि रात्री कोरडं वाटलं की घाबरून जोर लावेल. दुपारीच जमिनीवर सतरंज्या आणि गाद्या टाका, खुर्च्यांवर ब्लँकेटं टाका आणि मग वाजवून बघा. मंडप डेकोरेशनवाल्याकडून सतरंज्या मिळतात, झटकून आणा. धूळ सॅक्सवाल्याच्या घशात जाते.

आणि आता आपल्या गावाचा खरा प्रश्न, म्हणजे कूलर.

एप्रिल म्हणजे चाळीसच्या वर पारा. चाळीस माणसं बसलेली, एकेक माणूस शंभरेक वॉट उष्णता सोडतो, म्हणजे हॉलमध्ये चार किलोवॉटचा हीटर लावून ठेवल्यासारखं. कूलर बंद ठेवा म्हटलं तर लोक म्हणतील, "काय करून राहिले बाप्पा, मारता का?" आणि चालू ठेवला तर तुमच्या वादनातला निम्मा भाग, जिथे ड्रमर बोटाने कातडं घासतो, तो खडखड-सरसर आवाजात बुडून जाईल. नॉइज काढायच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. कूलरचा आवाज आणि ब्रशचा आवाज त्याला सारखेच दिसतात, दोन्ही पुसतं.

मी करतो ते असं. संध्याकाळी पाचपासून दोन्ही कूलर पूर्ण वेगाने, खिडक्यांना ओले पडदे. साडेआठला लोक बसले की सगळं बंद, छताचे पंखेसुद्धा. फिरत्या पात्यांमुळे आवाज थरथरतो आणि माइकवर वारा येतो तो वेगळाच. मग फक्त पंचवीस मिनिटं वादन. लोकांना आधी सांगून टाकायचं की पंचवीस मिनिटं घाम गाळायचा आहे, नंतर कूलर आणि पन्हं. कोणी कुरकुर करत नाही. मग पुन्हा पंचवीस मिनिटं. माझं मत विचाराल तर हे सगळं डिसेंबरमध्ये करा, पण तुम्ही एप्रिलच धरून बसलाय त्याअर्थी काहीतरी कारण असेल.

गरमीत वाद्यं काय करतात तेही ऐका. सॅक्सोफोनमधली हवा तापली की सूर चढतो. बासच्या स्टीलच्या तारा तापल्या की सैल पडून सूर उतरतो. दोघं उलट्या दिशेला चालायला लागतात. मध्यंतरात मिळवून घ्या, पण वादन चालू असताना थांबू नका. सेसिल टेलरचं १९६२ च्या नोव्हेंबरमधलं कोपनहेगनच्या काफे माँमार्त्रमधलं ध्वनिमुद्रण ऐका. टेलर पियानोवर, जिमी लायन्स सॅक्सोफोनवर, सनी मरे ड्रमवर, बास नाहीच. पियानो धड सुरात नाही हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. तरी साठ वर्षांनंतर लोक ते ऐकतात, आणि मी दर पावसाळ्यात एकदा काढून ऐकतो.

लग्नसराई असेल, म्हणजे रस्त्यावर धुमाल, आपल्याकडचा वरातीचा ढोल-ताशांचा ताफा, येणारच. मला काही उत्साही लोक सांगतात की बाहेरचा आवाजही संगीतात सामावून घ्यावा, तेच तर मुक्त वादन. माझा अनुभव उलटा आहे. एकदा महाल भागात रेकॉर्डिंग चालू असताना खालून वरात गेली आणि आमचा ड्रमर तिला उत्तर द्यायला गेला. हॉलमध्ये बसलेल्यांना धमाल वाटली, टाळ्याही पडल्या. टेपवर मात्र धुमालचा नुसता खालचा धमधम आला, कारण भिंतीतून तेवढंच आरपार येतं, आणि आमचा ड्रमर वेड लागल्यासारखा स्वतःशीच भांडताना ऐकू आला. ती सात मिनिटं फेकली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे, तेव्हा दुसरा भाग दहाला सुरू करता आला तर बघा. तुम्ही स्वतः विनालाउडस्पीकर वाजवताय, आणि तसंच वाजवा. बासचा अँप सोडून हॉलमध्ये काहीही वाढवू नका. शेजाऱ्यांना आधी जाऊन भेटा मात्र.

उभं कुठे राहायचं? हॉलच्या आखूड बाजूला, अर्धवर्तुळात. मधे ड्रम, मागच्या भिंतीपासून चार-पाच फूट पुढे. डावीकडे बास, उजवीकडे सॅक्स. तिघांना एकमेकांचे हात दिसले पाहिजेत, तोंडं प्रेक्षकांकडे असली-नसली तरी चालेल. ड्रमपासून आठ फूट पुढे एक उंच स्टँड, त्यावर सात फुटांच्या जवळपास दोन कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारे) कंडेन्सर माइक, एकमेकांपासून १७ सेंटिमीटर आणि मधला कोन ११० अंश. फ्रेंच रेडिओवाल्यांनी बसवलेली ही पद्धत आहे आणि कमी उंचीच्या, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये तिच्याइतकी कमी दगा देणारी मला दुसरी माहीत नाही. माइकची पाठ प्रेक्षकांकडे असते, त्यामुळे खोकले थोडे मागे पडतात. पहिली रांग स्टँडपासून चार फूट मागे. स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी, आणि लहान मुलं असतील तर त्यांच्या आयांना स्टँड दाखवून ठेवा.

आता बॅलन्स. इथे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, नाहीत, पाय आहेत. सॅक्स जास्त येतोय? वाजवणाऱ्याला मागे सरकवा. माइकपासून सहा फुटांवरचा माणूस नऊ फुटांवर गेला की त्याचा थेट आवाज साडेतीन डेसिबलने उतरतो, आणि शिवाय तो थोडा खोलीत मिसळतो, जे कुठल्याही फेडरने होत नाही. सॅक्सोफोनचा आवाज फक्त त्याच्या पुढच्या रुंद तोंडातून येतो असं लोकांना वाटतं. तो सगळ्या भोकांतून येतो, खालचे सूर तेवढे तोंडातून. म्हणून वाजवणारा थोडा वळला की रंग बदलतो, आणि बदलू द्या. आपल्याकडे सॅक्सवाले बहुतेक बँडपार्टीतून आलेले असतात, रस्त्यावर ट्रकच्या हॉर्नला भारी पडायची सवय असते. तुमचा तसा असेल तर त्याला दोन फूट आणखी मागे धरूनच चाला, मी अपमान करत नाही, अशा माणसाचा दम बाकी कोणाकडे नसतो. ड्रमरला एवढंच सांगा, स्नेअर (खालच्या कातड्याला तारा लावलेला छोटा ड्रम) वाजवत नसेल तेव्हा त्या तारा खटका पाडून सैल कर. नाहीतर बासच्या प्रत्येक खालच्या सुरावर स्नेअर आपोआप कुरकुरतं.

बासची थेट वायर कशासाठी, तर दोन माइकांमध्ये बोटांचा ठोका पुसट होतो म्हणून. डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारची वायर माइकशिवाय थेट रेकॉर्डरला जोडणाऱ्या डबीतून, तिसऱ्या ट्रॅकवर घ्या. मिक्समध्ये ती इतकी कमी ठेवा की काढल्यावर कळावं, असताना कळू नये. एक काम विसरू नका. विजेतून आलेला बास लगेच पोचतो आणि हवेतून आलेला उशिरा. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, एप्रिलमध्ये किंचित कमी. आठ फुटांना सातेक मिलिसेकंद. वादनाआधी बासवाल्याला तार दाबून एक कोरडा ठोका मारायला सांगा, नंतर तो ठोका दोन्हीकडे शोधून वायरचा ट्रॅक तेवढा उशिरा वाजेल असा सरकवा. न सरकवल्यास बास पोकळ वाटतो आणि माणूस तासभर इक्वलायझर फिरवत बसतो.

लेव्हल: साउंडचेकमध्ये जोरात जोर वाजवायला लावून रेकॉर्डरच्या मीटरवर शिखरं उणे १८ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका (शून्यावर आवाज फाटतो). लोक समोर बसले की सगळे सहा डेसिबल जास्त वाजवतात, मीसुद्धा बोलतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर, ज्यात लेव्हल चढली तरी आवाज नंतर सावरता येतो, असेल तर उत्तम, पण आवाज माइकमध्येच फाटला तर तो काही करू शकत नाही. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. शेजारच्या घरातला कूलर सुरू झाला की वायरीतून टक्क असा आवाज येतो, तो अगदी शांत जागीच येतो, हा माझा पक्का अनुभव आहे.

राहिला कापण्याचा प्रश्न. वादनाच्या आत काहीही कापू नका, जोडू नका. अख्खा भाग घ्या किंवा अख्खा भाग टाका. तुम्हाला कंटाळवाणी वाटणारी चार मिनिटं बहुतेक वेळा तिघं एकमेकांना चाचपडत असतात ती असतात, आणि पाचव्या मिनिटाला जे सापडतं ते त्या चाचपडण्यामुळेच सापडलेलं असतं. ती काढली तर पाचवं मिनिट आभाळातून पडल्यासारखं वाटतं. पण याचा अर्थ वाजवलेलं सगळं सोनं, असाही नाही. मुक्त वादनाचे खूप तास नुसतेच तास असतात. म्हणून एका रात्रीवर बसू नका. दोन रात्री, रोज पंचवीस मिनिटांचे दोन भाग, म्हणजे शंभर मिनिटं हाताशी. त्यातून चाळीस मिनिटं निवडा. कोलमनच्या स्टॉकहोमच्या तबकड्याही एकाहून जास्त रात्रींतूनच आल्या आहेत.

निवड लगेच करू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फक्त आपलं वाद्य ऐकू येतं, आपण कुठे चुकलो तेवढंच. तीन आठवडे फाइल उघडू नका. मग तिघांनी वेगवेगळं ऐकून चिठ्ठीवर लिहा, आणि चिठ्ठ्या एकत्र उघडा. ज्या भागावर कोणीच स्वतःविषयी तक्रार लिहिली नाही तो बहुधा योग्य भाग असतो. मास्टरिंगवाल्याकडे, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याकडे, गेलात तर त्याला हात जोडून सांगा की हळू ते हळू राहू दे. सगळं एका उंचीवर आणून ठेवलं की ब्रश आणि किंचाळी यांच्यातलं अंतर संपतं, आणि तुमच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच तर आहे.

एक राहिलं. शेवटचा सूर संपल्यावर ड्रमरच्या झांजा कमीत कमी दहा-बारा सेकंद जिवंत असतात. लोकांना आधीच सांगा, ड्रमरने काठ्या खाली ठेवल्याशिवाय टाळी नाही. आणि ड्रमरला बजावा, काठ्या गादीवर ठेव, टाइल्सवर नको.

उंच स्टँड आणि १७ सेंटिमीटरची पट्टी माझ्याकडे आहे. एप्रिलचा दुसरा आठवडा सोडून कधीही न्या, वाळूची पिशवी मात्र तुमची तुम्ही भरा.